एण्णीच्या टाक्या

कानडीत तेलाला एण्णे म्हणतात, आपल्या भागातल्या बोलीत एण्णी. बेळगावकडच्या मराठी पोरांना हा शब्द शाळेत शिकावा लागत नाही. किराणा दुकानात आईचा पदर धरून उभं राहिलं की तो आपोआप कानात शिरतो. पुढे हाच शब्द मला समुद्रापलीकडे, श्रीलंकेत कामी आला.

1987 साली भारत-श्रीलंका करार झाला आणि आपली शांतिसेना तिकडे गेली. मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही तिच्यात होते. त्यांची रसद नेणाऱ्या एका जहाजावर मी स्टोअर्सच्या कामाला होतो. पीठ, डाळ, तेलाचे डबे मोजून चढवायचे नि मोजून उतरवायचे. त्रिंकोमाली बंदरात शिरलो की बाकीचे खलाशी उंच कड्यावरच्या कोनेश्वराला हात जोडत. मी मात्र झाडीतून डोकावणाऱ्या गोल लोखंडी टाक्या मोजत बसे. मोजून संपत नसत!

या टाक्या ब्रिटिशांनी पहिल्या महायुद्धानंतर बांधल्या. युद्धनौका कोळशावरून तेलावर आल्या होत्या आणि तेलाशिवाय जहाज म्हणजे नुसतं लोखंड. एकूण 101 टाक्या, एकेकीत सुमारे दहा हजार टन तेल मावेल एवढ्या. 1942 च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं आणि त्रिंकोमालीचं मोल वाढलं. 9 एप्रिलला जपानी विमानांनी तिथे बॉम्ब टाकले, त्यात एक टाकी जळाली. त्याच दिवशी हर्मिस ही विमानवाहू नौकाही लंकेच्या किनाऱ्याजवळ बुडाली.

गोदीजवळ चहाचं दुकान चालवणारे एक तमिळ आजोबा होते. तरुणपणी ते याच तळावर पंपघरात कामाला होते. मी टाक्यांकडे बोट दाखवून खुणेने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "एण्णेय्." मी चटकन म्हटलं, "एण्णी!" आजोबा खदखदून हसले. मग आकडे मोजून पाहिले. त्यांचं नालु, माझं नाल्कु. सहाला तर दोघांचंही आरु. उरलेलं मोडक्या इंग्रजीत भागलं. त्या दिवसापासून माझ्या चहाचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत.

त्यांनी सांगितलेली गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. 15 ऑक्टोबर 1957 रोजी ब्रिटिशांनी तळ सिलोन सरकारच्या हवाली केला. देशाच्या दृष्टीने अभिमानाचा दिवस. पण जहाजं गेली, तेलाचं काम थांबलं आणि आजोबांसारख्यांचा पगार बंद झाला. त्याआधी वर्षभर, 1956 मध्ये, सिंहली ही एकच राजभाषा करणारा कायदा झाला होता. आजोबांचा मुलगा तमिळ शाळेत शिकलेला, त्यामुळे सरकारी नोकरीचं दार त्यालाही अवघड झालं. बापाचं काम तळाबरोबर गेलं, मुलाचं भाषेपायी.

वाचकहो, 1956 हे साल आपल्यालाही परकं नाही. त्याच साली राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. पाटीवर, अर्जावर, शाळेत कोणती भाषा, हे प्रश्न किती घरांत शिरले ते मी वेगळं सांगायला नको. म्हणून आजोबांचं बोलणं मला दुभाष्याशिवाय कळत होतं.

24 मार्च 1990 ला शांतिसेनेची शेवटची तुकडी त्रिंकोमालीहूनच निघाली. टाक्या तिथेच आहेत, आता 99. 2003 मध्ये त्या इंडियन ऑइलच्या श्रीलंकेतल्या कंपनीकडे गेल्या. जानेवारी 2022 मध्ये नवा करार झाला: 14 टाक्या या कंपनीकडे, 24 लंकेच्या सरकारी तेल महामंडळाकडे आणि 61 दोघांच्या भागीदारीत. वर्तमानपत्रात ही वाटणी वाचली, तेव्हा आकडे सगळे जुळले. पण पंप चालवणाऱ्या माणसांचा हिशोब कुठल्याच करारात सापडला नाही.

आपल्या घरातही बंद पडलेल्या गिरणीत, कारखान्यात किंवा गोदीत हाडं झिजवलेलं कुणी वडीलधारं असेल. आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. काम सुटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय केलं, एवढंच विचारा. मराठीत विचारा, कानडीत विचारा, पण विचारा.