अकरा महिन्यांची अंधश्रद्धा

पुण्यात सिंहगड रोडला आमच्या भागातल्या फ्लॅटमालकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. माझेही दोन फ्लॅट भाड्याने दिलेले, म्हणून मीही त्यात आहे. गेल्या आठवड्यात एका काकांनी तिथे भाडेकरूला सरळ कसं ठेवायचं याची यादी टाकली. अकरा महिन्यांच्या वर करार करायचा नाही. दर नूतनीकरणाला १० टक्के वाढ, पटत नसेल तर निघा म्हणायचं. घर सोडताना रंगाचे म्हणून एक महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापायचं. फारच कुरकुर केली तर पाणी बंद. खाली अंगठ्यांची रांग लागली. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही, म्हणून इथे लिहितोय. ग्रुपमधले निम्मे लोक हे वाचतातच.

आधी त्या अकरा महिन्यांचं बघू. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती चुकवायला देशभर अकरा महिन्यांची पळवाट निघाली. पण आपण महाराष्ट्रात राहतो. इथे भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू आहे, ३१ मार्च २००० पासून. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मुदत अकरा महिने असो की तीन वर्षं. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि खरी मेख पुढेच आहे: करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे सिद्ध करत बसायचं आपण. म्हणजे स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारून 'काम झालं' म्हणणारे हुशार लोक स्वतःच्याच हाताने भाडेकरूची बाजू भक्कम करून ठेवतात.

मग अकरा महिने का? 'जास्त राहिला तर घर बळकावेल.' ही भीती आपल्या आईवडिलांची आहे आणि ती उगाच नव्हती. मुंबईचा १९४७ चा भाडे कायदा, गोठलेली भाडी, पागडीच्या चाळी हे त्यांनी बघितलं होतं. १९७३ मध्ये तर त्या कायद्यात दुरुस्ती होऊन, १ फेब्रुवारी १९७३ ला लायसन्सवर राहत असलेल्यांना थेट भाडेकरूचं संरक्षण मिळालं. मालक हादरले ते तेव्हा. पण तो कायदा गेला. आता कलम २४ आहे. नोंदवलेल्या लायसन्सची मुदत संपली की घर रिकामं करावं लागतं, नाही केलं तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या दिवसांची भरपाई दुप्पट दराने लागते. तारखा पडतात, मान्य. पण 'कूळ लागेल' म्हणून लिव्ह अँड लायसन्सला घाबरणं म्हणजे शेतजमिनीचा कायदा तिसऱ्या मजल्यावर चढवणं.

आता हिशेब. भाडं २०,००० आणि डिपॉझिट ६०,००० धरा. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या १० टक्के वार्षिक व्याजावर. ३३ महिन्यांचा एकच करार केला तर साधारण १,७०० रुपये, अधिक शहरातली १,००० रुपये नोंदणी फी. अकरा-अकराचे तीन केले तर शुल्क तेवढंच, फी मात्र तीनदा, आणि एजंटही तीनदा येणार. लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतं. दरवर्षीची वाढ त्यातच लिहा, ५ टक्के, ७ टक्के, जे ठरेल ते. नोटीस पीरियड लिहा. भाडं थकलं तर लायसन्स रद्द करता येईल हे कलम विसरू नका. भाडं बँकेतच घ्या, पावती द्या. पावती देणं कायद्याने सक्तीचं आहे, उपकार नाहीत.

आणि ती १० टक्के वाढ! २,००० रुपये गुणिले अकरा, म्हणजे २२,००० मिळणार. भाडेकरू गेला आणि घर एकच महिना रिकामं राहिलं की २०,००० गेले. वर एजंटचं ब्रोकरेज, रंग, रिकाम्या घराचा मेंटेनन्स. एवढं गणित दुकानदाराच्या पोरालाही कळतं, आपल्याला का कळू नये?

पाणी तोडण्याबद्दल थोडक्यात: कलम २९ वाचा. पाणी, वीज बंद करणं हा गुन्हा आहे. थकलेलं भाडं वसूल करायला गेलेला मालक आरोपी होऊन परत येईल. भाडं चुकलं तर पहिल्याच महिन्यात लेखी विचारा. चार महिने मनात साठवून मग नळावर राग काढू नका.

दुरुस्तीचं बोललो की सगळे गप्प होतात. गिझर बंद पडला, बेडरूमच्या भिंतीला ओल आली, तर 'तुम्हीच बघून घ्या'. अहो, घरभाड्याच्या उत्पन्नातून आयकरात ३० टक्के सरळ वजावट मिळते, पावती न दाखवता. ती दुरुस्तीसारख्या खर्चांसाठीच आहे. वजावट आपण घ्यायची आणि प्लंबर भाडेकरूने बोलवायचा? दहा वर्षांत भिंतीचा रंग उडतोच, त्यात भाडेकरूचा काय दोष? खिळ्यांची भोकं वेगळी, फोडलेलं बेसिन वेगळं. घर देताना प्रत्येक खोलीचे फोटो काढा, पंखे-नळ-चाव्या मोजून यादीवर दोघांच्या सह्या घ्या. मग भांडायला काही उरत नाही.

भाडेकरू निवडताना आपण विचारतो आडनाव, जात, नॉनव्हेज, लग्न झालंय का. यातल्या कशावरून भाडं वेळेवर येईल ते कळतं? नोकरी कुठे हे विचारा, आधीच्या घरमालकाचा नंबर मागा आणि खरंच फोन करा. पोलिसांकडे नोंद ऑनलाइन होते, ती करा. सोसायटी 'बॅचलर नको' म्हणते तेव्हा ठराव लेखी मागा, आवाज लगेच खाली येतो. आणि भाडेकरू आहे म्हणून सोसायटीने मनाला येईल तो आकार लावायचा नाही. २००१ च्या शासन निर्णयाप्रमाणे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. हे भांडण मालकाने लढायचं असतं. आपण ते बिल गुपचूप भाडेकरूच्या माथी मारतो.

राहिलं डिपॉझिट. ते आपले पैसे नाहीत. ज्या काकांनी यादी टाकली, त्यांच्यासारखे बरेच जण जुन्याचं डिपॉझिट नव्याच्या डिपॉझिटमधून फेडतात, म्हणून नवा मिळेपर्यंत जुन्याला झुलवतात. त्या माणसाला पुढच्या घराचं डिपॉझिट भरायचं असतं हो! एफडी करून बाजूला ठेवा. नोटीस मिळाली की मोडा. यादी बघा, लाइटबिल मिटवा, चाव्या हातात आल्या की तिथेच उभं राहून ट्रान्सफर करा.