रविवारची टेस्ट आणि खरोशाचा डोंगर

लातूर किंवा नांदेडच्या एखाद्या अकरावी-बारावीच्या पोराला विचारून बघा, ट्रेकला कुठं जावंसं वाटतं? उत्तर ठरलेलं असतं. राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई. म्हणजे रात्रभराचा प्रवास, बऱ्यापैकी खर्च, घरच्यांची परवानगी आणि सलग दोन दिवसांची सुट्टी. यातलं काहीच त्याच्या हातात नसतं. मग 'नीट झाल्यावर बघू' म्हणत तो फोनवर दुसऱ्यांच्या ट्रेकचे रील बघत बसतो. माझं म्हणणं असं की कळसूबाईचे १६४६ मीटर सध्या राहू देत बाजूला. पहिला डोंगर एस.टी.च्या तिकिटात होणारा असावा, उन्हं तापायच्या आत चढून होणारा असावा आणि संध्याकाळी घरी येऊन जेवता येईल इतका जवळ असावा. असे डोंगर आपल्याकडं आहेत.

नांदेडकरांना लोहा तालुक्यात वडेपुरीचा रत्नेश्वरीचा डोंगर आहे. लातूरकरांना औसा तालुक्यातलं खरोसा आहे. उदगीरकरांना देवर्जनजवळचं हत्तीबेट, तर चाकूरकरांना वडवळ नागनाथचं बेट. ही नावं कुणाला नवीन नाहीत. नवरात्रात, यात्रेत आपण तिथं जातोच. पण गाडी जाईल तिथपर्यंत न्यायची, दर्शन घ्यायचं, नारळ फोडायचा आणि परत फिरायचं, अशी आपली रीत झाली आहे. त्याच डोंगरावर अर्धा दिवस पायी फिरण्यासाठी म्हणून जाणारा माणूस मात्र विरळा.

हे मी आता सांगतोय त्याला कारण आहे. लातूर आणि नांदेड ही दोन्ही शहरं आज क्लासची शहरं आहेत. 'लातूर पॅटर्न'चं नाव ऐकून कुठकुठल्या जिल्ह्यांतून मुलं-मुली इथं खोली घेऊन राहतात. खोली, क्लास, मेस, अभ्यासिका आणि पुन्हा खोली. सोळा-सतरा वर्षांचं शरीर दिवसाचे बारा-बारा तास बाकावर बसलेलं असतं. रविवारी सुटका व्हावी तर रविवारीच टेस्ट. पुण्याच्या मुलाला निदान पर्वती आहे, वेताळ टेकडी आहे, सिंहगड आहे. तिथं सकाळी टेकडीवर जाऊन येणं हा घरातल्या आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांचा नेम असतो. आपल्याकडं तो नेम पडलाच नाही. डोंगर शहराच्या आत नाहीत हे त्याचं एक कारण. दुसरं कारण जास्त खरं आहे: डोंगर चढणं हा वेळेचा अपव्यय आहे असं आपण मुलांच्या मनावर बिंबवलं आहे.

गेल्या पावसाळ्यात भाचीला आणि तिच्या मेसमधल्या मैत्रिणींना घेऊन खरोशाला गेलो. लातूरहून साधारण ४५ किलोमीटर. एस.टी.त महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं पोरींचा खर्च कुठल्याही सिनेमापेक्षा कमी झाला. पहाटे निघालो तेव्हा आभाळ भरलेलं होतं आणि एकीच्या हातात केमिस्ट्रीच्या सूत्रांची वही होती. वही पिशवीत घालायला मी सांगितलं नाही. ती चढायला लागल्यावर आपोआप आत गेली.

खरोशाचा डोंगर जांभ्या दगडाचा. आपल्या डोळ्यांना काळ्या बसाल्टची सवय, त्यामुळं हा तांबूस, छिद्राछिद्रांचा दगड पोरींना नवलाचा वाटला. एकीनं बोट घालून पाहिलं. करंगळीचं पेर आत गेलं. हा दगड ताजा खणताना मऊ असतो आणि वारा लागला की कठीण होत जातो. इथल्या कारागिरांनी त्याच दगडात लेणी कोरली. ती सहाव्या शतकाच्या सुमाराची मानली जातात. आत नृसिंह आहे, शिव-पार्वती आहेत, कार्तिकेय आहे, रावण आहे. जांभ्याला वेरूळच्या दगडासारखी धार धरता येत नाही, त्यामुळं मूर्तींचे चेहरे झिजलेत. पण डोळे अंधाराला सरावले की आधी खांदा दिसतो, मग हात, मग अख्खी आकृती भिंतीतून पुढं येते. पोरी तिथं बराच वेळ थांबल्या. नृसिंह कोणता आणि रावण कोणता यावर वाद झाला, आणि तो वाद मला फार आवडला. दहा तोंडं मोजून उत्तर शोधायचं होतं. पर्याय अ, ब, क, ड नव्हते.

चढताना मात्र सगळ्यांचं एकच चुकत होतं. पहिल्या दहा मिनिटांत सुसाट आणि पुढं धापा. "काका, लई राहिलंय का अजून?" असा प्रश्न आला की समजावं, वेग जास्त झालाय. नवख्यानं एवढंच लक्षात ठेवायचं: चालता चालता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मधेच तुटायला लागलं की पाऊल हळू करायचं. बसायचं नाही, हळू चालायचं. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये डोंगरातल्या वेळेचा एक हिशोब मांडला होता, जो जगभर अजून वापरतात: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. हा हिशोब सराईत पायांचा. आपल्या पोरांनी तो दुप्पट धरावा आणि लेणी पाहायला, डबा खायला वेगळा वेळ ठेवावा. आमची शाळेतली गणितं अशी असती तर बरं झालं असतं.

उतार हा चढापेक्षा अवघड असतो हे कुणी आधी सांगत नाही. आपल्याकडच्या बहुतेक टेकड्यांवर कठीण खडकावर मुरमाचा पातळ थर असतो. त्यावर पाऊल पडलं की ते ज्वारीच्या दाण्यांवरून सटकावं तसं सटकतं. तिथं टाच रोवून, मागं रेलून उतरायला गेलं की माणूस हमखास बसतो. गुडघे थोडे वाकवायचे, पावलं लहान टाकायची, शरीराचा भार पुढच्या पायावर राहू द्यायचा आणि फारच घसरडं असेल तर अंग आडवं वळवून, एका बाजूनं उतरायचं. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, तिथं पायरीसुद्धा भरवशाची नाही. महागडे बूट लागत नाहीत. तळाला खाचा असलेले, पायात घट्ट बसणारे साधे बूट चालतात. मोजे मात्र जाड हवेत, कारण भाद्रपदानंतर गवताला कुसळं येतात आणि पातळ मोज्यात शिरलेलं कुसळ काढता काढता नखं दुखतात.

पाणी माणशी दोन लिटर. लिंबू, साखर, मीठ घातलेली एक बाटली वेगळी. डब्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ. यापेक्षा चांगलं खाणं डोंगरासाठी अजून कुणी शोधलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

भीती कशाची बाळगायची, तेही सांगतो. पहिली विजेची. मराठवाड्यात मृगाच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात दुपारनंतर विजा पडतात आणि दरवर्षी माणसं, जनावरं जातात. उघड्या माथ्यावर गडगडाट ऐकू आला की फोटो राहू द्यायचे आणि उतरायला लागायचं. एकट्या झाडाखाली उभं राहायचं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' नावाचं ॲप विजेची सूचना देतं, ते निघतानाच फोनवर घ्यावं. दुसरी भीती आग्यामोहोळाची. लेण्यांच्या, कड्यांच्या कपारीत ती पोळी असतात. तिथं धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा नको. तिसरी उन्हाची. फाल्गुनापासून मृगापर्यंत आपल्याकडं नवख्यानं डोंगराच्या वाटेला जाऊ नये. सापाची भीती सगळ्यांना असते. पायाखाली बघून चाललं आणि दगडांच्या फटीत हात घातला नाही तर ती बरीच कमी होते. चावलाच, तर मांत्रिक नको, दोरीनं आवळणं नको, १०८ ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना.

मुलींच्या आईवडिलांना वेगळी काळजी असते आणि ती खोटी नाही. तिला माझं उत्तर असं की तुम्हीही चला. चाळिशी-पन्नाशीतल्या आईला हा डोंगर होतो. गावातल्या जत्रेला ती शेतातून अनवाणी चालत गेलेली असते. डोंगर चढणं आपलं नाही, ते पुण्या-मुंबईच्या लोकांचं, असं म्हणणाऱ्यांनी नारळी पौर्णिमेला माहूरला जाऊन यावं. परिक्रमेसाठी हजारो माणसं भर श्रावणात, चिखलातून, जंगलातून गडाभोवती चालतात. त्यांत सत्तरीच्या बाया असतात. ट्रेक हा शब्द त्यांच्या तोंडी नसतो, पण पायांना सगळं येत असतं. त्यांच्या नातवंडांचे पाय मात्र बाकाखाली आखडलेत.

माहूरचा विषय निघालाच आहे तर बोलतो. रेणुकादेवीच्या मंदिरासाठी लिफ्ट आणि स्कायवॉकची योजना आली, तेव्हा मला विचारणाऱ्यांना मी हेच म्हटलं की ज्याचे गुडघे गेलेत त्याला देवीचं दर्शन व्हायलाच हवं, लिफ्ट जरूर करा. पण पायवाटही तितक्याच आस्थेनं राखा. टोकियोजवळ ताकाओ नावाचा डोंगर आहे, ५९९ मीटरचा. शहरातून लोकल गाडीनं थेट पायथ्याशी जाता येतं. वर जायला केबल कार आहे, खुर्चीचा पाळणा आहे, आणि त्यांच्याच बाजूनं क्रमांक दिलेल्या वेगवेगळ्या पायवाटा आहेत. वाटेत देऊळही आहे. दरवर्षी लाखो लोक तिथं जातात आणि कुणी कसं जायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं असतं. आपल्याकडं विकास म्हणजे डोंगरावर सिमेंट. एकदा गाडीचा रस्ता झाला की पायवाट वर्षा-दोन वर्षांत तरवडानं आणि घाणेरीनं बुजते, आणि मग इथं चालत जाता येतं हेच नव्या पिढीला कळत नाही. वडेपुरीला, हत्तीबेटाला, खरोशाला फार काही नको आहे. पायथ्याशी एक पाटी: वाट कुठून जाते, किती वेळ लागतो, पाणी कुठं मिळतं. वाटेवरची झुडपं पावसाळ्यानंतर एकदा छाटलेली. आणि पाण्याचे पाऊच, वेफर्सची पाकिटं खाली आणायची सक्ती. वन विभाग आणि ग्रामपंचायत यांनी मनावर घेतलं तर हे एका महिन्याचं काम आहे.

क्लासचालकांकडं आणि प्राचार्यांकडं माझं मागणं त्याहून लहान आहे. महिन्यातला एक रविवार टेस्टशिवाय सोडा. सहल काढा असंही म्हणत नाही, कारण सहलीत पुन्हा शिट्ट्या, रांगा आणि हजेरी येते. फक्त रविवार मोकळा सोडा आणि फळ्यावर एका डोंगराचं नाव लिहा. मुलं आपापली जमतील.

या महिन्यात लिहायचं असेल तर वडवळ नागनाथ लिहा. उत्तरा नक्षत्र लागलं की लोक पहाटेपासून त्या बेटावर फिरायला येतात. तिथल्या औषधी वनस्पतींच्या वाऱ्यानं व्याधी जातात अशी श्रद्धा आहे. वनस्पतींचा गुण अंगाला किती लागतो ते मी सांगणार नाही, चालण्याचा लागतो एवढं नक्की. बायोलॉजीच्या मुलांनी पुस्तकातली कुळं तिथं पानांवरून ओळखून बघावीत. उपटून मात्र काही आणू नये. ती झाडं तिथंच टिकली पाहिजेत. सकाळी सहाला पायथ्याशी, दहाच्या आत खाली. दुपारच्या एस.टी.नं परत आलं तरी संध्याकाळची अभ्यासिका चुकत नाही.