नायक एक, प्रेक्षक सारे

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे नेतृत्वाचे अमाप पीक आले आहे. शाळेचे स्नेहसंमेलन असो, युवकांचे शिबिर असो की उन्हाळी सुटीतील संस्कारवर्ग असो. ‘नेतृत्वगुणांचा विकास’ हा विषय कार्यक्रमपत्रिकेत हटकून असतो. मुलांना कोरडे व्याख्यान रुचत नाही, म्हणून आता कार्टूनचा आधार घेतला जातो. सिंबाकडून जबाबदारी शिका, ऑप्टिमस प्राइमकडून त्याग शिका, छोटा भीमकडून धैर्य शिका, अशी पाच-सात कलमे फळ्यावर लिहिली जातात. मुले ती वहीत उतरवून घेतात आणि पालक समाधानाने घरी परततात.

या समाधानालाच माझी हरकत आहे. कार्टून वाईट आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. माझी तक्रार त्यांतून काढल्या जाणाऱ्या धड्यांविषयी आहे. हे धडे वरवर निरुपद्रवी दिसतात. पण ते मुलांना नेमके काय शिकवतात, याची झडती घ्यायला नको काय?

प्रथम हे धडे कोणाच्या दुकानातून येतात ते पाहू. अमेरिकेतील मॅटेल या कंपनीने 1982 साली ‘ही-मॅन’ आणि त्याच्या सवंगड्यांची खेळणी बाजारात आणली. त्यांच्यावरील कार्टून मालिका आली ती पुढल्या वर्षी, 1983 मध्ये. म्हणजे बाहुला आधी जन्मला आणि त्याची कथा मागाहून लिहिली गेली! प्रत्येक भागाच्या शेवटी एखादे पात्र पडद्यावर येऊन मुलांना बोधाचे चार शब्द सांगत असे. बोध मुलांसाठी होता. खेळण्याचे बिल मात्र बापासाठी होते. 1984 साली तेथील सरकारी नियामक आयोगाने मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींवरची वेळेची बंधने उठवली आणि अशा मालिकांना उधाण आले. अखेर 1990 मध्ये तेथील काँग्रेसला कायदा करून शनिवार-रविवारी तासाला साडेदहा मिनिटे आणि इतर दिवशी बारा मिनिटे अशी मर्यादा पुन्हा घालावी लागली.

त्याच काळातला ‘ट्रान्सफॉर्मर्स’चा नायक ऑप्टिमस प्राइम घ्या. 1986 च्या चित्रपटात तो आपल्या सैन्यासाठी लढता लढता प्राण सोडतो. नेतृत्वाचे व्याख्याते या प्रसंगावर भरभरून बोलतात. पण तो का मेला? हॅस्ब्रो कंपनीला 1984 ची जुनी खेळणी बाजूला सारून नवी विकायची होती, म्हणून मेला! चित्रपटगृहांत मुले ढसाढसा रडली, पालकांनी तक्रारी केल्या, आणि 1987 मध्ये त्याला पुन्हा जिवंत करण्यात आले. त्या मुलांचे अश्रू खरे होते. त्या अश्रूंचा मी आदर करतो. कारण मुलाने जीव लावला होता आणि कंपनीने त्याचा हिशेब मांडला होता. अशा मृत्यूला ‘सर्वोच्च त्यागाचा आदर्श’ म्हणून फळ्यावर लिहिणाऱ्याने निदान एवढी चौकशी करायला हवी होती.

कोणी म्हणेल, हेतू व्यापारी असला तरी कथेतला बोध चांगला असू शकतो. कबूल. मग कथेकडेच वळू या. 2008 पासून आपल्या घराघरांत शिरलेला छोटा भीम हा हैदराबादेत घडलेला, अगदी आपल्या मातीतला नायक. तो शूर आहे, दयाळू आहे, मित्रांना जीव लावणारा आहे. पण ढोलकपूरच्या इतर लोकांचे काय? दरोडेखोर आले, राक्षस आला, की राजा इंद्रवर्मा सैन्य असूनही एका लहान मुलाची वाट पाहतो. भीमने लाडू खाल्ला की संकट टळते. लाडू वळणाऱ्या टुनटुन मावशीच्या कष्टांवर मात्र कोणी व्याख्यान देत नाही! 2013 साली कॅनडात सुरू झालेल्या ‘पॉ पेट्रोल’मध्येही हीच तऱ्हा. दहा वर्षांचा एक मुलगा आणि त्याची कुत्र्याची पिल्ले साऱ्या गावाला तारतात. गावच्या महापौरबाई पर्समध्ये कोंबडी घेऊन मदतीसाठी फोन करतात. मालिकेमागे पुन्हा खेळण्यांचीच कंपनी आहे, हे वेगळे सांगायला नको.

गमतीची गोष्ट म्हणून हे सारे ठीक आहे. मूल स्वतःला भीमच्या जागी पाहते, यात गैर काहीच नाही. परंतु याच कथेला नेतृत्वाचा पाठ केले की तिचा अर्थ बदलतो. मग मूल शिकते ते असे, की समाजात एक कर्ता असतो आणि बाकीचे सारे टाळ्या वाजवणारे असतात. आणि आपण कर्ता झालो नाही तर आपण कोणीच नाही.

1994 चा ‘द लायन किंग’ तर नेतृत्वाच्या शिकवणीत जणू पाठ्यपुस्तकच मानला जातो. सिंबा पळून जातो, मोठा होतो, परततो आणि राजा होतो. ‘आपली जबाबदारी ओळखा’ हा त्यातला धडा. वाईट नाही. पण सिंबा रानात किडे खात निश्चिंत जगत होता, तेव्हा त्या उजाड मुलखात कोण टिकून होते? सिंहिणी. स्कारच्या जुलमात, दुष्काळात, उपासमारीत त्या कळपाला धरून राहिल्या. नाला मदत शोधायला बाहेर पडली म्हणून तर सिंबा सापडला. पण पाऊस पडतो तो राजपुत्र खडकावर चढण्याच्या सुमारास, आणि धडाही त्याच्याच नावे लिहिला जातो. आपल्या धर्मग्रामात जिने वर्षानुवर्षे आजाऱ्यांच्या उशाशी रात्री काढल्या, तिचे नाव अहवालात नसते. समारंभाच्या दिवशी उगवलेल्या पाहुण्याचा मात्र हार घालून सत्कार होतो. हे आपण कोठे शिकलो, असे विचारायचे कारण नाही.

आता एक आक्षेप रास्त आहे. मुलांच्या गोष्टींतून नेतृत्व शिकवण्याची परंपरा जुनी आणि सन्मान्य आहे. बेडन-पॉवेल यांनी 1916 मध्ये लहान बालवीरांचे पथक उभारले ते किपलिंगच्या ‘जंगल बुक’च्या आधारे, आणि पथकाच्या प्रमुखाला त्यांनी ‘अकेला’ हेच नाव दिले. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगची ही कथा आपल्या पिढीने 1993 च्या सुमारास दूरदर्शनवर जपानी कार्टूनच्या रूपाने पाहिली. मग आमचेच व्याख्याते का चुकले?

ते चुकले, कारण त्यांनी गोष्ट पुरती वाचली नाही. मूळ पुस्तकातला अकेला लांडगा म्हातारा होतो, त्याची शिकार हुकते, तरुण लांडगे त्याच्यावर उलटतात आणि त्याचे प्रमुखपद जाते. पुढे 1895 च्या दुसऱ्या भागात रानकुत्र्यांची धाड येते, तेव्हा कळपाचा प्रमुख दुसराच लांडगा असतो. अकेला रुसून गुहेत बसत नाही. तो साध्या लांडग्यासारखा रांगेत उभा राहतो, लढतो आणि मरतो. पद गेल्यावरही कळप आपलाच मानणे, हा केवढा मोठा धडा! आपल्या किती मंडळांच्या माजी अध्यक्षांना तो पचेल? निवडणुकीत हरलेला गृहस्थ पुढल्या वर्षी सणाच्या मांडवात खुर्च्या लावताना आपण कितीदा पाहिला आहे?

दुसरे उदाहरण चार्ल्स शुल्झ यांच्या चार्ली ब्राऊनचे. हा मुलगा बेसबॉलच्या संघाचा कर्णधार आणि त्याचा संघ बहुतेक नेहमी हरणारा. 9 डिसेंबर 1965 रोजी अमेरिकेत प्रथम दाखवलेल्या नाताळच्या कार्टूनमध्ये त्याला नाटकाचा दिग्दर्शक नेमतात. कोणी त्याचे ऐकत नाही. तो झाड म्हणून एक मरतुकडी फांदी उचलून आणतो आणि सारे त्याला हसतात. हताश होऊन तो नाताळचा अर्थ विचारतो, तेव्हा लायनस पुढे होऊन लूकच्या शुभवर्तमानातील ख्रिस्तजन्माचा उतारा म्हणून दाखवतो. दूरदर्शन संचावर शास्त्रपाठ चालणार नाही, अशी सहकाऱ्यांना धास्ती होती. शुल्झ हटले नाहीत. नेतृत्वाच्या कोणत्याही कसोटीवर चार्ली नापास आहे. पण शेवटी त्याचेच टिंगलखोर मित्र ते रोप सजवतात, त्याच्यासाठी! त्याने कोणाला जिंकले नाही. त्याचा प्रश्न मात्र प्रामाणिक होता.

पालकहो, कार्टून बंद करा असे मी सांगत नाही. ते मुलांबरोबर बसून पाहा. पण भाग संपल्यावर ‘यातून कोणता नेतृत्वगुण शिकलास?’ असे विचारू नका. त्याऐवजी विचारा: लाडू कोणी वळले? नायक नव्हता तेव्हा गाव कोणी सांभाळले? हरलेल्याचे पुढे काय झाले? मुले चटकन उत्तरे देतात. त्यांची दृष्टी आपल्याइतकी मिंधी झालेली नसते.

अध्यक्ष, सचिव, प्रमुख पाहुणे यांची आपल्या समाजाला वाण नाही. वाण आहे ती पंगत उठल्यावर पत्रावळी उचलणाऱ्यांची, मयतीच्या घरी रात्री न बोलावता जाणाऱ्यांची, दुसऱ्याच्या नेतृत्वाखाली मन लावून काम करणाऱ्यांची. सगळीच मुले नायक होणार असतील, तर पालखी उचलणार कोण?