आधी खुर्ची द्या!

शाळेच्या दाराला तोरण बांधले की मूल शाळेत रमले, अशी एक गोड समजूत आमच्याकडे रूढ झाली आहे. जूनअखेर आम्हां वऱ्हाडकरांच्या शाळा उघडतात (उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, कारण आमचे ऊन सहजासहजी हलत नाही) आणि त्या दिवशी प्रवेशोत्सव होतो. नव्या पोरांना गुलाबाचे फूल, नवी पुस्तके. कोठे लेझीम, कोठे बैलगाडीतून मिरवणूक. फोटो निघतात. या सोहळ्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते दुसऱ्या दिवसाशी. दुसऱ्या दिवशी तेच पोर दहा मिनिटे उशिरा येते आणि फाटकाबाहेर उन्हात उभे राहते. फूल देणारा हात आणि फाटक लावणारा हात एकच असेल, तर मुलाने त्यांतला कोणता खरा मानावा?

मी आसेगावचा, अमरावतीकडच्या आसेगावचा नव्हे, वाशीम जिल्ह्यातल्या. आमच्या मुलखात सोयाबीन आणि तूर पिकते, बंजाऱ्यांचे तांडे आहेत, आणि त्यांची काशी जी पोहरादेवी, तीही याच जिल्ह्यात. अशा मुलखात शाळेचे वातावरण कसे आहे हे पाहायचे असेल तर भिंतीवरची चित्रे पाहू नयेत. सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत जावे आणि मजुरी करणारी आई तेथे बसली आहे की उभी आहे, एवढेच पाहावे.

गेल्या सोयाबीनच्या हंगामातली गोष्ट. शेजारच्या एका बाईला मुलाचा दाखला हवा होता. सोबतीला मी गेलो. शाळेचे नाव सांगत नाही. तशा शाळा थोड्या नाहीत. बाईने चपला दाराबाहेर काढल्या. मला खुर्ची मिळाली, कारण माझ्या अंगावर इस्त्रीचा सदरा होता. तिला मिळाली नाही. टेबलामागच्या गृहस्थांनी कागदावरून मान वर न करता सांगितले, "उद्या या." ती म्हणाली, "उद्या तं सोंगाले जाचं हाये, साहेब." उत्तर आले, "मग परवा या." त्या दिवसाची तिची मजुरी बुडाली होती, परवाचीही बुडणार होती. आणि हे सारे पाहत तिचा मुलगा दाराशी उभा होता. त्या दोन मिनिटांत तो जे शिकला, ते पुसून टाकायला कोणते पाठ्यपुस्तक पुरे पडेल?

यात गंमत अशी, की कायदा त्या बाईच्या बाजूने आहे. 2009 चा शिक्षणहक्क कायदा सांगतो, की मूल दुसऱ्या शाळेत जात असेल तर दाखला ताबडतोब द्यायचा. उशीर करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. दाखला आला नाही म्हणून नव्या शाळेलाही प्रवेश अडवता येत नाही. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवले आहे. म्हणजे जिला खुर्ची मिळाली नाही, तीच उद्या समितीवर येऊन त्या शाळेचा कारभार पाहू शकते!

दुसरी गोष्ट भाषेची. पहिलीतले पोर "कायले" म्हणते, आणि गुरुजी सर्वांदेखत सुधारतात: "कायले नव्हे, कशाला." तांड्यावरची मुलगी आईला "याडी" म्हणते आणि वर्ग हसतो. वर्ग हसणारच, ती पोरेच आहेत. प्रश्न असा, की गुरुजीही हसले की त्यांनी विचारले, "याडी! आणखी कोणाच्या घरी असा वेगळा शब्द आहे?" प्रमाण भाषा शिकवावी, अवश्य शिकवावी, पण आईचा शब्द चुकीचा ठरवून नव्हे. ज्या मुलाला तोंड उघडताच चूक निघते असा अनुभव येतो, ते तोंड उघडणे सोडून देते. मग आपणच तक्रार करतो, की तांड्यावरची पोरे बोलत नाहीत.

येथे काही मंडळी म्हणतील, की हे फार लाड झाले. आम्ही छड्या खाल्ल्या म्हणून माणसे झालो. जे छड्या खाऊन शाळा सोडून गेले, ते हे वाक्य बोलायला आपल्या बैठकीत नसतात, हे या मंडळींच्या ध्यानात येत नाही. मारहाण आणि मानसिक छळ या दोन्हींना कायद्याने बंदी आहे. तरी छडीची जागा टोमण्याने घेतली आहे, आणि टोमण्याचा वळ कोणाला दिसत नाही.

शाळेची रीत वरून ठरते, हे आपल्या महाराष्ट्राला नवे नाही. साताऱ्यात शिकताना लहानग्या भीमरावाला बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. त्याच साताऱ्यात 1924 मध्ये भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढले आणि सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. गाव तेच, फरक पडला तो पंगत मांडणाऱ्यामुळे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 मध्ये बोर्डीला गेल्या. मुले शाळेत येत ना, तेव्हा त्यांनी पालकांना दोष दिला नाही. शाळाच अंगणात नेली. पोरांना आंघोळ घाला, नखे कापा, गाणी म्हणा, मग अक्षर! पुढे 1957 पासून कोसबाडला काम सुरू झाले, आणि गुरे राखणारी मुले वर्गात येईनात तेव्हा कुरणशाळा निघाली. गुरे चरतात तेथेच धडा. याला मी स्वागत म्हणतो. फुलाचा खर्चही नाही.

मुख्याध्यापकांची बाजू मला ठाऊक नाही असे कोणी समजू नये. पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन भरायची माहिती, निवडणुकीची कामे; शिवाय पहिली ते पाचवीच्या शाळेत पट दीडशेच्या वर गेल्याशिवाय कायद्याच्या तक्त्यात स्वतंत्र मुख्याध्यापकाचे पदच येत नाही. तेव्हा एखादे ज्येष्ठ गुरुजी वर्ग सांभाळून हा भार वाहतात. सुंदर शाळेच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनी आधी त्यांच्या टेबलावरचे कागद कमी करावेत. पण सकाळी फाटकाशी उभे राहून पोराला नावाने हाक मारायला कोणता कागद लागतो? खुर्ची पुढे सरकवायला कोणाची मंजुरी लागते?

आता दिवाळी आली. मुकादमाची उचल घेतलेली तांड्यांवरची कुटुंबे ऊसतोडीला निघतील. फराळाचे डबे संपण्याआधी मालमोटारी तांड्याच्या तोंडाशी उभ्या राहतील. सुट्टीवर जाण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी एक सकाळ तांड्यावर घालवावी. ज्यांची आजी मागे राहणार आहे त्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, ती घरच्यांना समजावून सांगावी, जी जाणारच आहेत त्यांचे दाखले सही करून हाती द्यावेत, आणि चैत्रात ती परत येतील तेव्हा "इतके दिवस कोठे होतास?" याऐवजी "ये, बस" म्हणून त्यांची जागा दाखवावी.