विमान पाडलं म्हणता? मग अवशेष दाखवा!

कुठेही युद्ध पेटलं की व्हॉट्सॲपवर अमेरिकेची स्टेल्थ बॉम्बर विमानं धडाधड पडायला लागतात. साम्राज्यवादाला विरोध करणारे आपले साथी असे मेसेज आनंदाने फॉरवर्ड करतात. बॉम्ब टाकणाऱ्याची बाजू आपण घेत नाही, हे योग्यच. पण म्हणून अफवा खरी ठरत नाही.

अत्याचाराच्या प्रकरणात सत्यशोधनाला गेल्यावर आपण काय विचारतो? घटना कुठे घडली, कधी घडली? पंचनामा झाला का? साक्षीदार कोण? तेच प्रश्न इथेही विचारू.

२७ मार्च १९९९. नाटोचे युगोस्लाव्हियावर हवाई हल्ले चालू होते. सर्बियात झोल्तान दानी यांच्या तुकडीने जुन्या सोव्हिएत क्षेपणास्त्राने एफ-११७ हे बॉम्ब टाकणारं स्टेल्थ विमान पाडलं. अवशेष जगाने पाहिले. ते बेलग्रेडच्या संग्रहालयात आहेत. अमेरिकेनेही विमान गेल्याचं मान्य केलं. हे सत्य.

त्याच युद्धात बी-२ पाडल्याचाही दावा झाला. त्याचे अवशेष नाहीत आणि हिशेबही जुळत नाही. एकूण २१ बी-२ बनली. एक २००८ मध्ये गुआमच्या तळावर उड्डाण घेतानाच कोसळलं. कारण, सेन्सरमध्ये शिरलेला ओलावा. दुसरं डिसेंबर २०२२ मध्ये आणीबाणीच्या लँडिंगनंतर आगीत सापडलं आणि पुढे सेवेतून काढलं. उरली १९. पाडलेलं बी-२ या हिशेबात बसवणार कुठे?

मग लष्कर सांगेल तेच सत्य मानायचं का? मुळीच नाही. त्या युद्धात आणखी एका एफ-११७ ला क्षेपणास्त्राचा तडाखा बसल्याचं अमेरिकेच्याच एका निवृत्त वैमानिकाने २०२० मध्ये सांगितलं. म्हणजे सरकारी मौनही तपासावंच लागतं. पण तडाखा बसणं वेगळं आणि पडणं वेगळं.

आणि युद्धाला विरोध करायला अफवेची गरजच काय? ७ मे १९९९ ला बी-२ ने बेलग्रेडमधल्या चिनी दूतावासावर बॉम्ब टाकले. तीन चिनी पत्रकार मेले. हे सिद्ध झालेलं आहे. हे किती जणांनी फॉरवर्ड केलं?

साथींनो, उद्या आपण एखाद्या गावातल्या बहिष्काराचा अहवाल मांडू, तेव्हा समोरचा आपले जुने मेसेज काढून दाखवेल. आपल्याकडे ना सत्ता आहे, ना चॅनेल. आहे तो फक्त शब्द. तो खोट्या विमानांवर उधळू नका.