गाबोळीचा हिशेब

वैशाख सरत आला की महाड-पोलादपूरच्या वाड्यांत माळ्यावरचा पाग खाली येतो. उंदरांनी कुरतडलेली भोकं सांधायची, निसटलेली शिसं पुन्हा ओवायची, गंजलेल्या गळांना धार करायची. पहिला जोराचा पाऊस पडला की सावित्रीतले मासे वहाळांतून भातखाचरांकडे निघतात. आपले चढणीचे मासे!

पण ते चढतात अंडी घालायला. गाबोळी तेव्हाच भरलेली असते, ती उगाच नाही. २०२५ साली १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची समुद्रातली मासेमारी बंद होती, ती वादळांसाठी तशी या विणीसाठीही. वहाळावर मात्र पहारा आपल्याच मनाचा. सगळा वहाळ मच्छरदाणीने अडवला तर बोटाएवढं पिल्लूही सुटत नाही. मग खाचरात अंडी घालणार कोण?

मला वाटतं, इथे चुलीपाशी बसणारीचा शब्द चालतो. पाग सांधतानाच घरात सांगून टाकूया: मच्छरदाणी न्यायची नाही, अर्धा वहाळ मोकळा ठेवायचा आणि एका कालवणापुरतेच मासे आणायचे. पुढच्या मृगातही तवा चुरचुरायला हवा ना?