आधी यादी, मग सुरी

पेरणीआधी बियाण्याची उगवण तपासा, असे कृषी सहायक दरवर्षी सांगतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, चार-सहा दिवसांनी मोड आलेले मोजायचे, सत्तरच्या खाली भरले तर बियाणे वाढवायचे नाहीतर बदलायचे. हे कोणाला ठाऊक नाही? सगळ्यांना आहे. तरी २०२० साली सोयाबीन उगवले नाही आणि कितीजणांवर दुबार पेरणीची पाळी आली, आठवा. दोष बियाण्याचाच होता. पण ज्याने घरी दाणे मोजले, त्याला तो पेरण्याआधी कळला. बाकीच्यांना वावरात कळला. तीस-तीस वर्षे वावर कसणारा माणूसही घाईत नेमकी ठाऊक असलेलीच गोष्ट विसरतो.

डॉक्टरही माणूसच आहे. फरक एवढाच, की वावरात चुकलं तर हंगाम जातो. ऑपरेशनच्या टेबलावर चुकलं तर घरचं माणूस जातं.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशनसाठी एक यादी काढली. एक कागद, १९ प्रश्न. ती तयार करण्याच्या कामाचे प्रमुख होते अमेरिकेतले सर्जन डॉ. अतुल गावंडे. आडनाव ऐकल्यासारखे वाटते ना? त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे हे आपल्याच वऱ्हाडातले, यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. म्हणजे ही काही आपल्याला न पेलणारी परदेशी वस्तू नाही.

यादीत तीन ठिकाणी थांबायचे असते. पहिला थांबा भूल देण्याआधी. नाव काय, ऑपरेशन कशाचे, डाव्या बाजूचे की उजव्या, तिथे खूण केली का, संमती घेतली का, कोणत्या औषधाची रिअॅक्शन येते का, रक्त जास्त जाण्याचा धोका आहे का. कोरोनात घरोघरी माहीत झालेला ऑक्सिमीटर बोटाला लावला का आणि तो चालू आहे का, हेही विचारायचे. दुसरा थांबा कातडीला सुरी लावण्याआधी. सगळ्यांनी आपले नाव व काम सांगायचे, पेशंट कोण व काय करायचे ते मोठ्याने म्हणायचे, जंतुसंसर्ग टाळण्याचे औषध गेल्या तासाभरात दिले का ते विचारायचे. तिसरा थांबा पेशंटला बाहेर नेण्याआधी. हत्यारे, सुया, कापसाचे बोळे मोजायचे. आत गेले तेवढे बाहेर आले पाहिजेत. तपासणीला पाठवायच्या तुकड्यावर नाव बरोबर लिहिले का, तेही पाहायचे.

यात मोठे ज्ञान कुठे आहे, असे तुम्ही म्हणाल. नाहीच. तीच तर गंमत आहे. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली. यादीआधीचे ३,७३३ पेशंट आणि नंतरचे ३,९५५ पेशंट यांचा हिशेब २००९ च्या जानेवारीत छापून आला. मृत्यूचे प्रमाण शेकडा दीडवरून ०.८ वर आले. ऑपरेशननंतरचे मोठे त्रास शेकडा ११ वरून ७ वर आले. त्यासाठी नवे यंत्र लागले नाही की इमारत लागली नाही.

आपल्या देशात कागद नव्हता असेही नाही. नसबंदीच्या ऑपरेशनांत बायांचे हाल होतात, म्हणून २००५ साली रमाकांत राय यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला होता, की प्रत्येक बाईची तपासणी यादी भरल्याशिवाय डॉक्टरने ऑपरेशन करू नये. पुढे काय झाले? नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात शिबिरे झाली. एका शिबिरात एकाच सर्जनने एका दिवसात ८३ बायांची ऑपरेशने केली. नियम दिवसाला तीसचा. त्या शिबिरांनंतर किमान १३ बाया दगावल्या. दोष औषधाचा की हलगर्जीचा, यावर वाद झाला. पण ८३ चा आकडा काही वादाचा नव्हता. अखेर २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाला अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा, असे सांगावे लागले.

तेव्हा नुसत्या कागदाने भागत नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात यादी वापरल्याचा अहवाल देणे रुग्णालयांना सक्तीचे केले. २०१४ मध्ये १०१ रुग्णालयांचा हिशेब मांडला, तर मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक नव्हता. कागदावर खुणा मात्र जवळपास शंभर टक्के! रोजगार हमीचे मस्टर घरी बसून भरले तर बांध उभा राहतो का? तसेच हे. यादी मोठ्याने वाचली पाहिजे आणि बोळे मोजणाऱ्या सिस्टरला "साहेब, थांबा, एक कमी आहे" असे म्हणता आले पाहिजे. साहेबाने रागावता कामा नये. आपल्याकडे खरी अडचण तिथेच आहे.

बुलडाण्याचे जिल्हा रुग्णालय असो, खामगावचे सामान्य रुग्णालय असो, तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय असो की चिखली-मलकापूरचा खाजगी दवाखाना, आमचे म्हणणे एकच आहे. ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवर मराठीत यादी लावा, प्रत्येक ऑपरेशनला ती मोठ्याने वाचा आणि भरलेली यादी केस पेपरला जोडा. २०२४ पासून बुलडाण्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. उद्याच्या डॉक्टरांना ही सवय तिथेच लावता येईल.

सरपंच, सदस्य मंडळींनो, रुग्ण कल्याण समितीवर तुमच्यापैकी जे आहेत त्यांनी रंगरंगोटी आणि पंख्यांच्या बिलाबरोबर एक प्रश्न विचारावा: गेल्या महिन्यात ऑपरेशने किती झाली आणि भरलेल्या याद्या किती? दोन आकडे जुळले नाहीत तर कारण विचारा. आणि जुळले तर एखादी यादी काढून पाहा, सगळ्या खुणा एकाच पेनाने एकाच दमात केल्यासारख्या तर नाहीत ना.

आणि शेतकरी बंधूंनो, माय-बहिणींनो, तुमचेही काम आहे. ऑपरेशनला जाताना आपले नाव, गाव आणि कोणत्या बाजूचे ऑपरेशन आहे ते स्वतः सांगा. शेवटचे कधी खाल्ले ते लपवू नका. "चहा-बिस्कीटच घेतलं होतं" असे मागाहून सांगून उपयोग नाही. भूल दिल्यावर पोटातले फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. बीपी, शुगर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पाकिटासह दाखवा. कागदावर अंगठा देण्याआधी काय करणार ते विचारा. विचारल्याने डॉक्टरचा अपमान होत नाही. चांगला डॉक्टर उलट खूशच होतो.

बाजारातून बैल आणताना आपण दात मोजतो, खूर पाहतो, चालवून बघतो. घरची लक्ष्मी सिझरला आत जाते तेव्हा मात्र बाहेर हात जोडून बसतो. हात जोडायला हरकत नाही. पण त्याआधी एवढे विचारा, "साहेब, यादी वाचली का?"